ई-सिगारेटचे दुकान उघडण्याआधी खर्र्याचा ठेला पाहा : विदर्भातील आमदारांना खुले पत्र

विदर्भातील सर्व ६२ आमदारांस,

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात जमाल तेव्हा धानाचा बोनस, कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, सिंचनाचा अनुशेष हे विषय निघतीलच. निघालेच पाहिजेत. त्या गर्दीत हरवू नये म्हणून एक विषय मी आधीच तुमच्यापुढे ठेवते आहे. मी वैनगंगेच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत शिकवते आणि विषय आहे ई-सिगारेटचा. बॅटरीवर चालणारी, धुराऐवजी वाफ ओढायची ही नळी. मुले तिला ‘वेप’ म्हणतात.

ई-सिगारेटवरची बंदी उठवा, तंबाखूला आहेत तसेच नियम तिलाही लावा, कर घ्या, वयाची अट घाला, पाकिटावर इशारा छापा आणि विकू द्या, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांत शिकले-सवरलेले लोक आहेत, काही डॉक्टरही आहेत. त्यांचे म्हणणे कागदावर वाचले तर पटते. पण तंबाखूचे नियम त्यांनी पाहिले असतील ते विमानतळावर आणि मॉलमध्ये. आमच्या गावात ते कसे चालतात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको, कारण तुम्ही याच गावांतून निवडून जाता.

म्हणून थेट सांगते. तंबाखूचा कायदा आमच्याकडे चालत नाही. तो चालत नाही तोवर ई-सिगारेटला त्याच कायद्याखाली आणणे म्हणजे तिला गावच्या ठेल्यावर आणून बसवणे. बंदी ठेवा. आणि ठेवलेली बंदी नीट चालवा.

आधी कायदा काय आहे ते पाहू. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, परदेशातून आणणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे, हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही आणि ते योग्यच आहे. चौदा वर्षांच्या पोराला पोलीस ठाण्यात बसवून कोणाचेच भले होत नाही.

आता त्याच्या शेजारी तंबाखूचा २००३ चा कायदा ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकली, किंवा शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकली, तर दंड २०० रुपयांपर्यंत. म्हणजे सात-आठ खर्र्यांची, सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या पुड्यांची, किंमत. ठेलेवाला ती सकाळच्या गिऱ्हाइकीत भरून काढतो. ई-सिगारेट ‘तंबाखूसारखी’ झाली की विकणाऱ्याची भीती एक लाखावरून २०० रुपयांवर येईल, एवढे तरी बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

शाळेबाहेर १०० यार्डांवर पिवळी रेषा ओढायची, असा तंबाखूमुक्त शाळेचा नियम आहे. ती ओढली जाते, तिच्याजवळ उभे राहून फोटोही निघतो. पण ठेला तिथेच असतो, कुठे रेषेच्या अलीकडे, कुठे चार पावले पलीकडे. मधल्या सुटीत मुले तिथे जातात ती गोळ्या-बिस्किटे घ्यायला. त्याच फळीवर खर्रा घोटणे चालू असते. प्लास्टिकच्या पन्नीवर फोडलेली सुपारी टाकायची, वर तंबाखू, मग चुना. पन्नी मिटायची आणि सगळा जोर लावून फळीवर घोटत राहायचे. सुपारी नरम पडते, चुना मुरतो, वास सुटतो. मग त्याच पन्नीला गाठ मारली की झाली पुडी. त्या पुडीवर कोणाचे नाव नाही, तारीख नाही, वजन नाही. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेला असावा, असा नियम २०१६ पासून लागू आहे. पन्नीवर चित्र छापणार कोण?

आणि आमच्याकडे चालते ती पन्नीच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू चघळणारे, तोंडात धरणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. विदर्भात तर रोवणीला बायांच्या हाती मजुरीसोबत खर्रा जातो, लग्नात पाहुण्यांपुढे ताटात येतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघणाऱ्यांच्या गालात तो असतो. पाहुणचाराचा भाग झाला आहे तो. नाही म्हणणाराच वेगळा पडतो.

गंमत म्हणून हे सांगत नाही. माझा एक जुना विद्यार्थी, आता तिशीतला, मागे भेटला. बोलताना त्याचे शब्द नीट सुटत नव्हते. म्हणाला, “मॅडम, तिखट लागलं का तोंडात आग होते जी. भाकर मोडून बारीक करून खातो.” तोंड पूर्ण उघडले तर स्वतःची तीन बोटे उभी आत गेली पाहिजेत, ही साधी तपासणी दातांचे डॉक्टर शिकवतात. त्याची दीडच जात होती. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून ताठ होते, तोंडाचा जबडा जणू आतून शिवला जातो. सुपारीने होणारा हा आजार औषधाने पूर्ण मागे फिरत नाही आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन दशकांपूर्वीच सांगितले. इथे तर सुपारीत तंबाखू आणि चुना. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जा. गाल बांधलेली, नाकात नळी घातलेली माणसे आमच्याच गावांची असतात.

तुम्ही म्हणाल, खर्र्यावर तर बंदीच आहे. आहे ना. अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्याने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली, पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही तिच्यात घेतले. तो मनाई आदेश एका वेळी एकच वर्ष टिकतो, म्हणून दरवर्षी नव्याने काढला जातो. आदेश निघतो, ठेला चालू राहतो.

इथेच मला कोणी अडवून विचारेल: खर्र्यावरची बंदी फसली असे तुम्हीच सांगता, मग वेपवरची बंदी कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की या दोन वस्तूंच्या येण्याच्या वाटाच वेगळ्या आहेत. खर्र्याला लागणारी सुपारी, तंबाखू, चुना हे तिन्ही जिन्नस सुटे सुटे बाजारात मिळतात आणि माणूस ते गिऱ्हाइकासमोर दोन हातांनी एकत्र करतो. त्याला कारखाना लागत नाही, मोठे गोदाम लागत नाही. धाड पडली तर जप्त करायला फळी आणि डबा. ई-सिगारेट गावात बनू शकत नाही. तिला बॅटरी लागते, तारेचे बारीक वेटोळे लागते, बंद कुपीतले द्रव लागते. ती बंदरातून, विमानतळावरून, कुरिअरच्या खोक्यातून येते. तिला अडवायला ठिकाणे आहेत, आणि ती मोजकी आहेत.

दुसरे म्हणजे, तिची सवय अजून इथे रुजलेली नाही. कुंद्याचे तण वावरभर पसरल्यावर किती निंदन करा, संपत नाही. धुऱ्यावर दोन काड्या दिसल्या तेव्हाच खोदून काढावा लागतो. खर्र्याच्या बाबतीत ती वेळ आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात निघून गेली. वेपच्या बाबतीत ती आज आहे.

दोन काड्या दिसल्या म्हणूनच हे पत्र. आमच्या नववीच्या वर्गात एकदा आंब्याचा गोड वास पसरला होता, तोही ऐन हिवाळ्यात. एका मुलाच्या कंपासपेटीत निळसर रंगाची, हायलायटर पेनासारखी कांडी निघाली. टोकाला तोंडात धरायची चपटी नळी, बुडाला छोटा दिवा. वर इंग्रजी आणि चिनी अक्षरे, मराठी-हिंदीचे एक अक्षर नाही. नागपूरला कोचिंगला असलेल्या चुलत भावाने दिवाळीत आणली होती. मुलाला रागावले नाही, जवळ बसवून विचारले. तो अगदी खात्रीने म्हणाला, “मॅडम, यात तंबाखू नाही जी. नुसती वाफ आहे. खर्र्यापेक्षा चांगलं.”

तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच सांगण्यात आले होते. त्या कांडीत तंबाखूचे पान नसते हे खरे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फळांचा वास आणि निकोटीन असे मिश्रण तापलेल्या तारेवर वाफ होऊन छातीत जाते. तंबाखूची चटक लावतो तो निकोटीनच. शिवाय नव्या कांड्यांत त्याचे क्षार वापरतात, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही आणि पोर एका दमात बरेच ओढून जाते. पहिली विडी ओढताना खोकला यायचा, तो मुलाला सावध करायचा. इथे तेवढाही अडथळा नाही. वाढत्या वयाच्या मेंदूवर निकोटीन काय करतो हे शाळेत रोज उभे राहणाऱ्या माणसाला दिसते: लक्ष ठरत नाही, चिडचिड, सुटीची घंटा कधी होते याकडे कान.

विरोधी बाजूचे म्हणणे मी टाळत नाही. सिगारेट जळते तेव्हा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. वेपमध्ये जळणे नाही, म्हणून वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारा पूर्णपणे वेपवर गेला तर त्याचे नुकसान कमी होते, हे बरेच तज्ज्ञ मानतात. सिगारेट सोडायला तिची मदत होते, असे अभ्यासही आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्ययंत्रणेने तर याच कारणासाठी वेपला पाठिंबा दिला. मुंबईतल्या एखाद्या पाकीट-दोन पाकिटे ओढणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा खरा असेल. पण माझ्या गावात तो कोणाला लागू होतो? इथे सिगारेट ओढणारे थोडे आणि खर्रा खाणारे घरोघर. गाल ताठ झालेल्या माणसाचे तोंड वाफेने उघडत नाही. तो खर्रा सोडून वेप घेणार नाही, दोन्ही घेईल. आणि ज्या पोराने आजवर काहीच घेतले नाही त्याला आंब्याच्या वासाचा नवा रस्ता मिळेल.

ज्या देशांनी वेप दुकानात आणली त्यांचे काय झाले तेही पाहा. अमेरिकेत हायस्कूलमधली वेप वापरणारी मुले २०११ मध्ये दीड टक्का होती, २०१९ मध्ये २७.५ टक्के झाली. मग सरकार जागे झाले, वयाची अट २१ केली, वासांवर निर्बंध आणले, आणि आकडा खाली आला. पण मधली एक पिढी चटकेला लागली ती लागलीच. ब्रिटनमध्ये द्रवात निकोटीन किती असावे याची मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. टाकी केवढी असावी याचीही आहे. एवढे करून वापरून फेकायच्या वेपवर त्यांना १ जून २०२५ पासून बंदी आणावी लागली, कारण त्या सगळ्यात जास्त मुलांच्या हातात दिसत होत्या. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये वेप दुकानांतून काढून फक्त औषधाच्या दुकानात ठेवली. हे देश नियम चालवू शकतात. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, दुकानात अचानक जाऊन तपासणारे निरीक्षक आहेत. आमच्या पुडीतला खर्रा कधी कोणत्या प्रयोगशाळेत गेला? मिलिलिटरला किती मिलिग्रॅम, हे आमच्या तालुक्यात कोण मोजणार?

तरी नुसती बंदी ठेवून समाधान मानू नका. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तिच्यामागे मोर्चे काढणाऱ्या बायांच्या वाट्याला काय आले हे आम्ही जवळून पाहिले आहे. पाठबळ नसलेली बंदी चोरट्या विक्रेत्यालाच पोसते.

म्हणून मागण्या सांगते. २०१९ च्या कायद्यात झडती-जप्तीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा वरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. आमच्या गावात येतो तो बीट जमादार, उपनिरीक्षकाच्या खालचा. त्याला समोर वेप दिसली तरी या कायद्याखाली तो स्वतः झडती घेऊ शकत नाही. पण उपनिरीक्षकाच्या दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांनाही अधिसूचना काढून हा अधिकार देण्याची सोय त्याच कायद्यात राज्य सरकारला आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे दुय्यम निरीक्षक मोहाच्या हातभट्ट्या शोधत गावोगाव फिरतात, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी गुटख्यासाठी फिरतात. त्यांना या कामाला लावा. आणि मुळावर घाव घाला: नागपूर, अमरावती, अकोल्यात उतरणारी कुरिअरची खोकी आणि मोबाइलवरून चालणारी विक्री. गावच्या पोरांना पकडून आकडा दाखवू नका.

तंबाखू विक्रीला स्थानिक संस्थेचा परवाना असावा, आणि तंबाखूच्या दुकानात गोळ्या-बिस्किटे-चिप्स विकू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. हे एवढे एक काम ग्रामपंचायत पातळीवर झाले तर पोराचे ठेल्यावर जाण्याचे निमित्तच संपते. मुलाला तंबाखू किंवा नशेची वस्तू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. जो पुन्हा पुन्हा मुलांना विकतो त्याच्यावर हे कलम लावा. २०० रुपयांच्या पावतीने त्याचे काही बिघडत नाही.

ठेलेवाल्याबद्दलही बोलायला हवे, कारण तोही आमचाच आहे. दीड एकर धान, एका पिकावर वर्ष, बारावी होऊन नोकरी नाही. अशा मुलाने टिनाची टपरी टाकली तर त्याच्याजवळ दुसरे काय होते? फळी जप्त करून तो सुधारत नाही. त्याला चहा-नाश्त्यासाठी, मोबाइल दुरुस्तीसाठी, झेरॉक्ससाठी बँकेने कर्ज द्यावे, हे तुम्ही जिल्हा नियोजन समितीत बसून घडवू शकता. तेंदूपत्ता तोडणारे मजूर आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या विडी कामगार बायांचा प्रश्न याहून मोठा आहे, त्यावर एका पत्रात लिहून भागणार नाही.

आणि ज्यांना सुटायचे आहे त्यांचे काय? तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. पण शेतावरून घरी आलेल्या, तलफेने हात थरथरणाऱ्या माणसाला फोनपेक्षा जास्त काही लागते. निकोटीनचे च्युइंगम आणि पट्ट्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आल्या आहेत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्या पाहिजेत आणि आशाताईंना त्या कशा द्यायच्या हे शिकवले पाहिजे. सिगारेट सोडायला वेप हवी म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. निकोटीन लागतोच, तर तो मोजून, नाव-तारखेसह, आरोग्य केंद्रातून मिळू द्या.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालू आहे. शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभे केले. तिथल्या कित्येक गावांत ग्रामसभेने ठराव करून खर्रा विक्री थांबवली, बायांच्या संघटनांनी ती टिकवली. जिल्हा दुर्गम आहे, गरीब आहे, तरी होते. मग भंडारा, यवतमाळ, वाशिममध्ये का होऊ नये? तुमच्या मतदारसंघात असे काम उभे राहायला आमदारांनी शब्द टाकावा लागतो. एक साधी गोष्टही सांगते: सभेला, प्रचाराला, कार्यालयात कार्यकर्त्यांना खर्रा देणे बंद करा. पोरे ते बघतात.

येत्या अधिवेशनात एवढे करा. तारांकित प्रश्न विचारा: विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत २०१९ च्या ई-सिगारेट कायद्याखाली आजवर किती गुन्हे नोंदले, किती जप्ती झाली, किती खटले निकाली निघाले, आणि शाळेच्या १०० यार्डांच्या आत किती ठेले हटले. जिल्हावार उत्तर मागा, राज्याचा एकूण आकडा नको. उत्तर आले की त्याची प्रत तुमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला पाठवा. आम्ही ती पालकसभेत वाचून दाखवू.

आपली,
वैनगंगेकाठच्या शाळेतील एक शिक्षिका